दोन किलो ढिलं गटिंग

नेरिडा हॅलोरन काउंटरपुढे येऊन उभी राहिली, तेव्हा रीनो झॅमिटच्या तोंडात अख्खी पस्तिझ्झी होती.

पस्तिझ्झी आईच्या हातची. वर खारीसारखे पापुद्रे, आत वाटाण्याचं सारण. माणसाने ती निवांत चार घासांत खावी. पण गसने जेवायला सात मिनिटं दिली होती, म्हणून रीनोने एकाच घासात कोंबली होती. गस म्हणजे गटिंगच्या, रॅकेटला तारा ओढायच्या खोलीचा म्हातारा प्रमुख. स्टेडियमच्या पोटातल्या त्या लांबट खोलीत अकरा मशीन, अकरा गटिंगवाले, आणि दाराशी जगभरच्या खेळाडूंच्या रॅकेटची रास. जानेवारीतल्या त्या दोन आठवड्यांत अख्खं मेलबर्न टेनिस पाहायचं, आणि हे अकराजण फक्त तारा पाहायचे.

खेळाडू स्वतः तिथे कधी येत नसत. त्यांचे प्रशिक्षक येत. पण नेरिडाची प्रशिक्षक बेव्ह गाडी कुठे लावायची यावरून बाहेर कुणाशी तरी भांडत होती, म्हणून ती स्वतःच आली. जगात सहावी. मागे कधीतरी दुसरी. खांद्यावर सहा रॅकेटची पिशवी, नाकावर उन्हाने सोललेली कातडी.

"सहाही पंचवीस किलोच्या ताणावर," ती म्हणाली. "उद्या अकराला सामना आहे माझा."

रीनोने मान हलवली.

"बोलत नाहीस... की बोलायचं नाही?"

रीनोने एक बोट वर केलं – थांबा. मग गिळलं. ते गिळणं बरंच लांबलं, आणि नेरिडाने ते पूर्ण पाहिलं. अगदी सामना पाहावा तसं.

"माफ करा, मिस हॅलोरन. तुम्ही स्वतः याल असं..."

"हनुवटीवर पापुद्रा आहे. नाही, डावीकडे. नाही, तुझ्या डावीकडे." आणि मग, "हे तुम्ही-तुम्ही काय लावलंय? मी तुझी मुख्याध्यापिका आहे का?"

रीनोला 'तू' म्हणणं जमणार नव्हतं. नऊ वर्षं तो तिचा खेळ बघत होता.

तो खेळच तसा होता. बाकीच्या मुली चेंडूवर हातोडा घालायच्या. नेरिडा काकडीची साल काढावी तसा बॅकहँड मारायची. चेंडू जाळीवरून अलगद सरकायचा, पलीकडे पडायचा आणि उसळायचंच विसरायचा. समोरची गुडघ्यात वाकून कसाबसा तो उचलेपर्यंत नेरिडा जाळीशी येऊन उभी असायची, घरच्यासारखी. हे ती शिकली होती व्हिक्टोरियाच्या उत्तरेला, गव्हाच्या कोठारामागच्या सिमेंटच्या कोर्टावर. त्या कोर्टाच्या मधोमध एक भेग होती. चेंडू भेगेत पडला की कुठेही उडायचा, म्हणून वडिलांनी तिला चेंडू खाली आणि हळू ठेवायला शिकवलं. त्या एका भेगेच्या जोरावर तिने इंग्लंडच्या गवतावरची मोठी स्पर्धा जिंकली, पॅरिसला दोनदा उपान्त्य फेरी गाठली. फक्त घरी, मेलबर्नमध्ये, ती चौथ्या फेरीपुढे कधी गेली नव्हती. दर जानेवारीत वर्तमानपत्रं विचारायची, यंदा तरी? आणि दर जानेवारीत अख्खा देश तिच्याकडे परीक्षेला बसलेल्या मुलीच्या आईसारखा बघत राहायचा... त्यानेच बिचारीचा हात जड व्हायचा.

त्या दिवशी बेव्हचं भांडण लांबलं आणि नेरिडा रीनोच्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसून राहिली. रॅकेट मशीनवर चढली. तो तारा ओवू लागला – उभ्या, मग आडव्या, वरून, खालून. ती हनुवटी तळहातावर टेकून पाहत होती. त्याची बोटं तिला आवडली, असं तिने सहज सांगून टाकलं, हवेबद्दल बोलावं तसं. रीनोचे कान तापले. ती गेल्यावरही ते तापलेलेच होते आणि त्याच तंद्रीत त्याने उरलेल्या पाच रॅकेट संपवल्या.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच मिनिटं कमी असताना एका बेल्जियन मुलीची रॅकेट आली. तिचा आकडा तेवीस. रीनोने मशीन तेवीसवर लावायला हात नेला, आणि तिथे आधीच तेवीस होते.

म्हणजे काल नेरिडाच्या आधी या बेल्जियन मुलीची रॅकेट संपल्यावर त्याने आकडा बदललाच नव्हता. नेरिडाच्या सहाही रॅकेट दोन किलो ढिल्या. भिंतीवरच्या टीव्हीत नेरिडा हात हलवत कोर्टावर येत होती.

दोन किलो म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. स्वयंपाकात मीठ विसरण्याइतकं ते साधं नाही. चेंडू जिथे पडायचा तिथून हातभर पुढे जातो. आणि गटिंगच्या खोलीत गसचा एकच नियम होता: आकडा खेळाडूचा, हात आपला, मत कुणाचंच नाही. नियम मोडणाऱ्याचं सामान त्याच दिवशी दाराबाहेर.

रीनोने सामना बोटांच्या फटीतून पाहिला. नेरिडाने सहा-दोन, सहा-एक असा समोरच्या मुलीचा फडशा पाडला. बॅकहँड आधी मागच्या रेषेच्या हातभर अलीकडे पडायचा, तो आता थेट रेषेशी जाऊन मरत होता.

एका तासाने ती स्वतःच खाली आली. केस ओले, चेहरा उजळलेला.

"काय केलंस तू?"

रीनोने हातातली कात्री खाली ठेवली. "मिस हॅलोरन, खरं तर मला तुम्हाला..."

"नाही. बोलू नकोस. जे केलंस तेच कर. कशालाही हात लावू नकोस." आणि रॅकेटसोबत द्यायच्या चिठ्ठीवर तिने पुन्हा ठसठशीत लिहिलं – पंचवीस.

आता सांगा, माणसाने करायचं काय? चिठ्ठीप्रमाणे पंचवीस करावं, तर कालच्यासारखं होत नाही. कालच्यासारखं करावं, तर चिठ्ठीशी खोटं. आणि जिंकत्या खेळाडूला मध्येच काही सांगण्यात अर्थ नव्हता. जिंकायला लागलेली माणसं तीच न्हाणी, तीच खुर्ची आणि तेच मोजे सोडत नाहीत. मोज्यांचा वास आला तरी सोडत नाहीत. दुसऱ्या फेरीनंतर सांगू, असं रीनोने ठरवलं.

दुसरी फेरी ती जिंकली. तिसरी जिंकली. आणि दर वेळी बेव्हला वर ठेवून स्वतः खाली येऊ लागली.

वापरलेल्या तारा कापण्याआधी रीनो त्या वाचून दाखवायचा. चेंडूची लव लागून पडलेले डाग, घासल्याच्या खुणा. तिसऱ्या फेरीनंतर त्याने सांगितलं की काल तुम्ही तीसेक वेळा जाळीवर गेलात. आणि दुसऱ्या सेटच्या शेवटी थोड्या घाबरलात, कारण डाग टोकाकडे सरकलेत.

"माझी डायरी वाचल्यासारखं बोलतोस," ती म्हणाली. "अजून काय लिहिलंय त्यात?"

"अजून..." रीनो अडखळला. "स्पर्धेआधीच्या ज्या तारा मी कापल्या, त्यांवर डाग खालच्या अंगाला होते. हात उशिरा पोचत होता. कोपर दुखत होतं का?"

मागे दहा मशीन कुरकुरत होती. मग तिने स्टूल पुढे ओढलं आणि जे कुणालाच पूर्ण सांगितलं नव्हतं ते सांगितलं. दोन वर्षं कोपर दुखत होतं. सुया झाल्या, औषधं झाली. बेव्हला अर्धंच ठाऊक होतं. निवृत्तीचं पत्र लिहून तिने पिशवीच्या तळाशी ठेवलं होतं. पहिल्या फेरीत हरली की पत्रकारांपुढे वाचायचं. आणि मग या सोमवारपासून... दुखणं गेलंच. आपोआप. चमत्कार म्हण.

"कोपर बरं झालं रे. काल डॅडना फोन करून सांगितलं, अजून दोन वर्षं खेळणार. ते काही बोललेच नाहीत. म्हणाले, पंप बघून येतो. रात्री आठला कुणी पंप बघायला जातं?"

तिचे डोळे हसत होते आणि ओलेही होते. रीनोला मात्र खरं कारण ठाऊक होतं. कोपर बरं झालेलं नव्हतं. तारा ढिल्या होत्या, म्हणून त्याला कमी हादरे बसत होते, एवढंच. तिने आपली पुढची दोन वर्षं त्याच्या एका चुकीवर बांधली होती, आणि ते तिला माहीत नव्हतं.

मेलबर्नच्या सेंट ऑल्बन्स उपनगरातल्या घरी त्याची आई डोरिस त्याच्याकडे बघत होती. ती नुसती बघतच असे. तिला काही सांगावं लागत नसे. पोरगा पस्तिझ्झी मोजून दोनच खातोय, दोन वेळा मीठ मागतोय, फोन उलटा ठेवतोय, हे तिने सगळं टिपलं होतं. शेवटी तिने चूल बंद केली आणि बसून विचारलं. रीनोने सगळं सांगितलं.

आई म्हणाली, मुलगी चांगली दिसते का? रीनो म्हणाला, मा, मुद्दा तो नाहीये. आई म्हणाली, मुद्दा मला कळतो. पुढच्या गावी दुसरा कुणी चिठ्ठी वाचून पंचवीस करेल, आणि तिचा हात जाईल. तेव्हा तू कुठे असशील?

त्याला रात्रभर झोप लागली नाही.

चौथी फेरी झाली. नेरिडा पहिल्यांदाच घरी उपान्त्यपूर्व फेरीत पोचली, आणि तीही जिंकली. देश वेडा झाला. ट्रामच्या ड्रायव्हरांनी तिच्या नावाच्या घंटा वाजवल्या. आणि त्या धामधुमीत ती खाली येऊन रीनोला म्हणाली की स्पर्धेनंतर तू माझ्याबरोबर चल. दोहा, कॅलिफोर्निया, पॅरिस. माझा स्वतःचा गटिंगवाला म्हणून. गसशी मी बोलते.

ही नोकरी रीनोने सोळाव्या वर्षापासून स्वप्नात पाहिली होती. त्या स्वप्नात ती देणारी नेरिडाच असायची. तो "उद्या सांगतो" म्हणाला. नेरिडा हसली. म्हणाली, एवढा विचार लोक लग्नाच्या वेळीही करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी, उपान्त्य सामन्याच्या आदल्या दुपारी, तो मागच्या सरावाच्या कोर्टावर गेला. सकाळपासून उत्तरेचा वारा भट्टीसारखा पेटला होता. दोनच्या सुमाराला तो फिरला, थंड झाला आणि आभाळ फुटलं. चेंडू गोळा करणारी पोरं, टॉवेल धरणारे, बेव्ह – सगळे पळाले. नेरिडा मात्र एका उडीत पंचांच्या उंच खुर्चीवर चढून बसली, कारण त्या खुर्चीला छत्री होती. तिने वरूनच हाक मारली, इथे ये. पण वर जागा एकाचीच होती. रीनो खाली उभा राहिला, पावसात.

तिथून त्याने सांगितलं. आरोपीने न्यायाधीशाला सांगावं तसं, मान वर करून, डोळ्यांत पाणी घेत. बेल्जियन मुलगी. तेवीस. सहा रॅकेट. मग पुढचे चारही सामने, जाणूनबुजून.

पाऊस छत्रीवर ताशासारखा वाजत होता.

"म्हणजे माझं कोपर बरं झालेलं नाही."

"नाही. त्याला हादरे कमी बसतायत."

"आणि मी डॅडना सांगून बसले."

"हो."

"तीन प्रशिक्षक," ती सावकाश म्हणाली. "चार डॉक्टर. अंगठ्यात सुया टोचणारा एक माणूस. आणि उत्तर होतं दोन किलो? तेही चुकून?"

"चुकून."

"पण मला कळत नाही... तू अशी चूक करणारा माणूस नाहीस. गस म्हणतो, तुझा आकडा दहा वर्षांत चुकलेला नाही. मग त्या दिवशी काय झालं होतं तुला?"

रीनोने चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

"तू समोर बसली होतीस," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघत होतो. मशीनकडे बघायचं राहिलं."

नेरिडाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या असाव्यात... पावसात नीट दिसत नव्हतं.

"तू म्हणालास मला," ती म्हणाली.

"चुकलं."

"ते नाही चुकलं. बाकीचं चुकलं." ती खुर्चीवरून उतरली. तिचा आवाज आता कोरडा होता. "दहा दिवस, रीनो. दहा दिवस तू मला नुसतं बघत बसलास. मी माझं पत्र फाडलं."

आणि ती भिजत निघून गेली. पायऱ्यांवर दोनदा पाय घसरला, तरी मागे वळून पाहिलं नाही.

रीनोने त्याच पावली जाऊन गसला सगळं सांगितलं. गसने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाला, सामान बांधून ठेव. सकाळी तिची तक्रार आली की निघ. नाही आली, तर मी आज दुपारी बहिरा होतो.

रात्र कशी गेली ते रीनोलाच ठाऊक. सकाळी सात वाजता बेव्ह आली. तोंड फुगवून तिने सहा रॅकेट काउंटरवर आदळल्या, आणि म्हणाली की माझ्या खेळाडूला तू काय सांगितलंस कोण जाणे, काल संध्याकाळी तिने मला दोन वर्षांच्या कोपराची अख्खी कहाणी ऐकवली. मी रडले आणि मग तिच्यावर ओरडले. रीनोने चिठ्ठी उचलली. आकड्याच्या चौकटीत लिहिलं होतं – तेवीस. खाली विशेष सूचनेची रेघ असते. तिथे तिरक्या अक्षरांत: 'या वेळी मशीनकडे बघणे.'

गसने ती चिठ्ठी त्याच्या खांद्यावरून वाचली आणि म्हणाला, तक्रार तर नाही दिसत. काय आहे हे, मला कळलेलं नाही, आणि कळून घ्यायचंही नाही.

दुपारी समोर एकोणीस वर्षांची चेक मुलगी होती. ती चेंडू मारायची की बंदूक चालवायची, असा प्रश्न पडावा. नेरिडाने तिला आपल्या सगळ्या वाकड्या वाटा दाखवल्या. कापलेले बॅकहँड, जाळीमागे हळूच सोडलेले थेंबासारखे चेंडू, डोक्यावरून गेलेली अर्धवर्तुळं. दुसऱ्या सेटमध्ये तर ती पोरगी एका चेंडूमागे धावताना हसायलाच लागली, आणि नेरिडाही हसली. अकरा मशीन थांबली होती. तिसरा सेट पाच-पाच. मग हातोडा चालला. सात-पाच.

हरली. आणि हरल्यावर तिने जाळीशी जाऊन त्या पोरीला मिठी मारली. उजवा हात तिने तिच्या पाठीवर दोनदा थोपटला – न कळवळता. तेवढंच रीनोने पाहिलं, आणि मग त्याला टीव्ही धूसर दिसू लागला.

पत्रकारांनी अपेक्षेप्रमाणे विचारलं, थांबणार का आता? नेरिडा म्हणाली, नाही. कोपर दुखतं, दोन वर्षं लपवलं, ते चुकलं. पण मी थोडी सैल झालेय. खेळेन अजून. कुणी खोदून विचारलं, सैल म्हणजे? ती म्हणाली, ते माझं आणि माझ्या गटिंगवाल्याचं गुपित आहे.

पाच वाजता ती खाली आली. काउंटरवर कोपर टेकून – डावं – उभी राहिली.

"एक सांगायचंय. ती नोकरी मी तुला देणार नाही."

रीनोने मान डोलावली. तो म्हणाला, बरोबर आहे. तुझ्या जागी मी असतो, तर मीही असल्या माणसाला ठेवलं नसतं.

"चुकीसाठी नाही रे. आकडा आता मला माहीत आहे. जगात कुणीही तेवीस करून देईल."

"मग?"

"बेव्हचा एक नियम आहे. कामावरच्या माणसाबरोबर फिरायला जायचं नाही. तिचे बाकीचे सगळे नियम मी मोडलेत. हा एक... पाळावा म्हणते."

रीनो विचार करत राहिला. खोलीत कुणीच काम करत नव्हतं. शेवटी मागून गसचा आवाज आला, की अरे गाढवा, मुलगी तुला फिरायला बोलावतेय, आणि तू तिला पावती देतोयस का?

बाहेर एक सर येऊन गेली होती आणि ऊन पडलं होतं. यारा नदीकाठची फरशी वाफाळत होती. दोघं पुलाकडे चालू लागले, मध्ये हातभर अंतर ठेवून. रीनो सांगत होता की मार्चपर्यंत मी इथेच आहे, मग दुसऱ्या स्पर्धांना गटिंगसाठी जातो, पॅरिसलाही जातो. नेरिडा म्हणाली, पॅरिसला मीही जाते, काय योगायोग. अंतर हळूहळू वीतभर झालं. रीनोच्या बोटांनी तिच्या उजव्या हाताची बोटं चाचपली.

तिने हात सोडवून घेतला. त्याचा चेहरा पडला.

"या बाजूने ये," ती म्हणाली आणि त्याला दंडाला धरून आपल्या डाव्या बाजूला आणलं. "तो हात मला अजून दोन वर्षं लागणार आहे. हा तुझा."